इंजिनला नेमके काय विचारावे?

विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिच्यासारखे आजचे ग्रँडमास्टर अवघड स्थिती तपासायला वापरतात ते ‘स्टॉकफिश’ इंजिन, म्हणजे चाली शोधणारा संगणक प्रोग्राम, मोफत आहे. पुसद, वणी, दारव्ह्यातल्या मुलामुलींच्या मोबाइलवरही ते चालते. त्याला विचारताना या गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

• आकडा : इंजिन स्थितीचे मोल आकड्यात सांगते. अधिक चिन्ह म्हणजे पांढरा सरस, उणे म्हणजे काळा. २०२२ अखेरच्या आवृत्तीपासून +१ म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळले तर पांढरा जिंकण्याची शक्यता सुमारे ५० टक्के.

• खोली : शोध खोल, म्हणजे अधिक पुढच्या चालींपर्यंत, जातो तशी इंजिनची पसंती बदलू शकते. पहिल्याच उत्तरावर थांबू नये.

• पर्याय : एकाच वेळी तीन चाली मागाव्यात. पहिल्या दोन चालींच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर डाव एकाच चालीवर तगून आहे.

• अंतिम टप्पा : पटावर राजे धरून सातच मोहरे उरले, की ‘टेबलबेस’ हा आधीच काढून ठेवलेल्या निकालांचा साठा अंदाज नव्हे, अचूक निकाल सांगतो.

• मर्यादा : १९९८ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोवविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोवने एच ३ घरावर उंटाचे बलिदान देऊन राजासाठी वेळ मिळवला आणि डाव जिंकला. त्या काळच्या इंजिनांना ती चाल सुचत नव्हती.

आधी स्वतः विचार करून आपली चाल वहीत लिहा. मग तीच चाल इंजिनसमोर खेळा आणि ती टिकत नसेल तर का, हे समजून घ्या. खरा अभ्यास तिथेच होतो.