सिंहस्थाची तिथी आणि आज्ञावलीचे पथक

उज्जैनचा सिंहस्थ पुढे ढकलता येत नाही. गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेष राशीत आला की क्षिप्रेच्या घाटांवर पर्वकाळ सुरू होतो. यंत्रणा अद्याप तयार नाही, ही सबब ग्रहांना सांगता येत नाही. २०१६ साली २२ एप्रिल ते २१ मे असा हा मेळा भरला. त्यानंतरचा २०२८ सालचा. गर्दीची मोजदाद, हरवलेल्यांचा शोध, वाहनतळ, दवाखाने या साऱ्यांच्या मागे आता संगणकाची आज्ञावली उभी असते, आणि ती लिहिणाऱ्यांना तिथीचा हा करडेपणा सोसावाच लागतो.

जुनी रीत अशी की, आधी सर्व मागण्या लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग लेखन आणि अखेरीस तपासणी. पूल बांधताना ती शोभते. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र आपणास काय हवे, हे ती हाती आल्यावाचून वापरणाऱ्यालाच उमगत नाही. आणि तपासणीची पाळी येईतो दिवस संपलेले असतात. मग माणसे वाढविण्याचा उपाय निघतो. रेंगाळलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते अधिकच रेंगाळते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच सांगून ठेवले आहे. ५ जणांत आपसांत बोलणाऱ्या १० जोड्या होतात, १० जणांत ४५. नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो तो निराळाच.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात १७ जाणकारांनी जो जाहीरनामा काढला, त्यातून ‘अजाइल’ म्हणजे चपळ हे नाव रूढ झाले. त्या घराण्यातील ‘स्क्रम’ ही पद्धत त्याहून जुनी. तिचे नाव रग्बीच्या खेळातून आले आहे. तिचे मर्म एवढेच की, मुदत पक्की ठेवावी आणि कामाचा आवाका लवचिक ठेवावा. सामान्यतः १० किंवा त्याहून कमी माणसांचे पथक, फार तर एका महिन्याचा टप्पा, आणि टप्प्याअखेर लहानशी का होईना, पण खरोखर चालणारी वस्तू. ती वापरणाऱ्यांना दाखवावयाची, आणि मागाहून आपली काम करण्याची रीतही पथकाने आपसांत तपासावयाची.

बिघडते ते बहुधा रोजच्या १५ मिनिटांच्या बैठकीत. ती अडचणी सांगण्यासाठी असते. आपल्याकडे तिची साहेबांपुढील हजेरी होते. मग अडलेला माणूस ‘काम चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेतो, आणि अडचण शेवटच्या आठवड्यात उघडी पडते. दुसरे दुखणे अग्रक्रमाचे. पोलीस, आरोग्य खाते, महापालिका, देवस्थान या प्रत्येकास आपलेच काम आधी हवे असते. त्यांतील क्रम ठरविणारी व्यक्ती एकच असावी, आणि चालू टप्प्यात नवे काम घुसडू पाहणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तिला असावा. हा अधिकार कागदावर देणे सोपे; मंत्र्यांचा दूरध्वनी आल्यावर तो टिकवणे हीच व्यवस्थापकाची खरी परीक्षा.

नाशिकचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. २००३ च्या तेथील सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. पुढे मूळचे नाशिककर व एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून ‘कुंभथॉन’ भरू लागले. तेथे एका शाळकरी मुलाने पावले मोजणारी चटई घडविली. आरंभीचे नमुने फसले. दर वेळी दोष काढून नवा नमुना केला गेला, आणि २०१५ च्या मेळ्यात ती चटई भाविकांच्या पायाखाली अंथरली गेली.

उज्जैनला तर अशी कसोटी घरचीच आहे. श्रावण-भाद्रपदात सोमवारी महाकालाची सवारी निघते, तेव्हा रस्ते फुलून जातात. आज्ञावलीचा एखादा तुकडा, समजा एकाच चौकातील गर्दीची मोजणी, एका सोमवारी लावून पाहावा. चुकला तर तो सुधारावयास पुढचा सोमवार आठच दिवसांवर असतो.