काजूबी आफ्रिकेची, गर कोणाचा?

वेंगुर्ला, चंदगड किंवा गोव्यातल्या काजू कारखान्यात स्थानिक बी संपत आली की नवी पोती उतरतात. त्यातली बरीचशी आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया, गिनी-बिसाऊ या देशांतून आलेली असतात. बी तिकडची आणि फोडणारे हात इकडचे, असा हा व्यवहार अनेक दशके चालत आला आहे. आता आफ्रिकी देशांना बी तिथेच फोडून गर विकायचा आहे. त्यासाठी ते जागतिक बँक, जर्मनीची विकाससंस्था जीआयझेड, आफ्रिकी विकास बँक अशा भागीदारांबरोबर काम करत आहेत. या प्रयत्नाविषयी आपल्याकडे काही समज घट्ट बसले आहेत. ते तपासून पाहायला हवेत.

गैरसमज 1 : आफ्रिकेला कारखानदारी जमत नाही, म्हणून ती कच्चा माल विकते.

वस्तुस्थिती : मोझांबिकचा इतिहास याच्या उलट आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हा देश जगातल्या आघाडीच्या काजू उत्पादकांपैकी होता आणि तिथे स्वतःचे प्रक्रिया कारखानेही होते. 1975 साली पोर्तुगिजांपासून स्वातंत्र्य मिळाले. त्यानंतर 1992 पर्यंत यादवी युद्ध चालले आणि बागांची व कारखान्यांची वाताहत झाली. देश सावरू लागला तेव्हा कच्च्या काजूबीवरचा निर्यात कर कमी करावा, अशी अट जागतिक बँकेने कर्जासोबत घातली. कर कमी झाला की शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असा हिशेब त्यामागे होता.

घडले वेगळेच. बी जहाजातून प्रामुख्याने भारतात जाऊ लागली, नुकतेच खासगी मालकीत गेलेले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले. मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरेन वेल्च या अर्थतज्ज्ञांनी नंतर याचा हिशेब मांडला. त्यांच्या मते सरासरी काजू उत्पादक कुटुंबाच्या पदरात वर्षाला जेमतेम 5.30 डॉलर जास्त पडले. मधल्या व्यापाऱ्यांचा हात वरचढ होता आणि कच्च्या बीला मोठे गिऱ्हाईक जवळपास एकच होते. कारखानदारी जमत होती, ती चुकीच्या धोरणाने मोडली.

गैरसमज 2 : विकास-भागीदार म्हणजे पैसे वाटणारा दाता.

वस्तुस्थिती : जागतिक बँकेचा पैसा बहुतांशी कर्ज असतो आणि तो फेडावा लागतो. शिवाय पैशाइतकेच, कधी त्याहून जास्त, महत्त्व कौशल्याला आणि बाजाराच्या ओळखीला असते. त्याच मोझांबिकमध्ये पुढे नामपुला प्रांतात टेक्नोसर्व्ह या अमेरिकी बिगर-नफा संस्थेने स्थानिक उद्योजकांना हाताशी धरले. शहरातल्या अवाढव्य यंत्रांऐवजी बागांजवळ, माणसांच्या हातांवर चालणारे मध्यम कारखाने उभे राहिले. दरम्यान 1999 साली तिथल्या संसदेने कच्च्या बीवरचा निर्यात कर पुन्हा वाढवला होता. धोरण देशाने ठरवले आणि तंत्र भागीदाराने दिले, तेव्हा गाडी रुळावर आली.

2009 पासून जीआयझेडच्या पुढाकाराने जर्मन सरकार, गेट्स फाउंडेशन आणि खासगी कंपन्या यांनी बेनिन, बुर्किना फासो, घाना, आयव्हरी कोस्ट आणि मोझांबिकमधल्या शेतकऱ्यांना छाटणी, कलमे, वाळवणी आणि प्रतवारीचे प्रशिक्षण दिले. जागतिक बँकेने 2018 साली आयव्हरी कोस्टच्या काजू क्षेत्रासाठी 20 कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. एकेकाळी कारखाने बंद पडायला जिची अट कारण ठरली, तीच बँक आता प्रक्रिया उद्योगाच्या पाठीशी आहे. म्हणून भागीदार चांगला की वाईट, असे ठोक उत्तर देता येत नाही. प्रत्येक वेळी अटी वाचाव्या लागतात.

गैरसमज 3 : कच्च्या मालाची निर्यात बंद केली की कारखाने आपोआप उभे राहतात.

वस्तुस्थिती : काजूचा धंदा जवळून पाहिलेल्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. बी हंगामाच्या तीन-चार महिन्यांत येते, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. म्हणजे वर्षाची बी एकदम विकत घेऊन साठवावी लागते आणि त्यासाठी कमी व्याजाचे खेळते भांडवल लागते. टरफलातले तेल कातडी भाजते. साधारण चार ते पाच किलो बीतून एक किलो गर निघतो. तो अखंड निघाला तर भाव मिळतो. पाकळी किंवा तुकडा झाला की भाव घसरतो. हे कौशल्य महिन्याभरात येत नाही. नुसती बंदी घातली तर बी रातोरात शेजारच्या देशात जाते आणि शेतकऱ्याचा भाव पडतो.

म्हणून आयव्हरी कोस्टने प्रक्रिया केलेल्या गरावर किलोमागे 400 सीएफए फ्रँक अनुदान दिले. हा देश आज जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक आहे. तिथे पूर्वी एकूण बीपैकी जेमतेम दहाव्या हिश्श्यावर प्रक्रिया होत असे. आता हे प्रमाण एक-पंचमांशाच्या पुढे गेले आहे. बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्च्या काजूबीची निर्यात थांबवली, पण त्याआधी ग्लो-जिग्बे येथे औद्योगिक क्षेत्र उभारायला घेतले होते.

गैरसमज 4 : आफ्रिकेच्या मालाला युरोप-अमेरिकेचा बाजार मिळाला की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : दुसऱ्याच्या सवलतीवर उभा राहिलेला उद्योग दुसऱ्याच्या निर्णयाने पडू शकतो. इथियोपियाने हवासा येथे मोठे वस्त्रोद्योग संकुल उभारले. त्याचा भर अमेरिकी बाजारातल्या करमुक्त प्रवेशावर होता. इथियोपियाच्या तिग्राई प्रांतातल्या युद्धामुळे अमेरिकेने जानेवारी 2022 पासून ही सवलत काढून घेतली आणि त्याचा फटका तिथल्या कामगारांना बसला.

याला पर्याय आफ्रिकेतल्याच बाजाराचा आहे. आफ्रिकी देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या साधारण 15 टक्केच आहे, पण त्यात तयार मालाचा वाटा बाहेर जाणाऱ्या मालापेक्षा बराच जास्त असतो. म्हणूनच 2018 साली किगाली येथे आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. कर उतरला तरी ट्रक सीमेवर अडून राहिला तर उपयोग नाही. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर चिरुंडू येथे डिसेंबर 2009 मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच थांब्यावर सुरू झाली. त्यात जपान आणि ब्रिटन यांचे साह्य होते. असे काम वर्तमानपत्रात मोठे दिसत नाही, पण ट्रकचालकाचे दिवस वाचतात.

गैरसमज 5 : आफ्रिकेने बी फोडली तर कोकण-गोव्याचे नुकसानच.

वस्तुस्थिती : आयात बीवर चालणाऱ्या कारखान्यांवर ताण येईल, हे खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण परक्या बीवर कायम विसंबून राहणे हा मुळातच कच्चा पाया होता. त्यावर उपाय आपल्या बागांत आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेली कलमे, जुन्या झाडांची पुनर्लागवड आणि वेंगुर्ला काजूचे भौगोलिक मानांकन यांचा पुरेपूर वापर व्हायला हवा. आपले यंत्रनिर्माते आणि अनुभवी कारागीर आफ्रिकेतल्या नव्या कारखान्यांचे भागीदारही होऊ शकतात. आणि मुख्य म्हणजे, आपल्या मालाची किंमत आपल्याच गावात वाढावी, ही कोकणातल्या शेतकऱ्याची इच्छा रास्त असेल, तर आयव्हरी कोस्टमधल्या कोरहोगोच्या शेतकऱ्याचीही तितकीच रास्त आहे.

विकास-भागीदारी पारखायची कसोटी साधी आहे. किती कोटी आले, हा शेवटचा प्रश्न नव्हे. भागीदार निघून गेल्यावर कारखाना चालू आहे का, धोरण देशाच्या हातात आहे का आणि बी पिकवणाऱ्याला जास्त भाव मिळतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. मोझांबिकने त्यांची उत्तरे फार मोठी किंमत मोजून मिळवली आहेत. पुढच्या प्रत्येक करारात ती आठवणीत राहायला हवीत.