गडावर सगळं घर

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यात राजगड आहे हे कळलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांना फोन केले. आमच्या घराला फिरण्याची गोडी लागली ती याच गडावर.

दिवाळीच्या सुट्टीत नातीला राजगड दाखवायचा, असं मी त्याच दिवशी ठरवलं. लेकीला नोकरीतून सवड नव्हती. तिने ट्रेकला नेणाऱ्या एका ग्रुपची जाहिरात मला पाठवली. पुण्यातून बस, नाश्ता, गाईड, फोटो, शेवटी प्रमाणपत्रसुद्धा. तळाशी अट होती: वय १२ ते ५० वर्षे. नात दहा वर्षांची, मी अडुसष्टची. जायचं होतं ते आम्हा दोघींनाच.

ती अट मला फार लागली. अपघाताची जबाबदारी कोण घेणार, ही त्यांची अडचण मला समजते. पण १९८२ साली कुणी गडाच्या पायथ्याशी अशी पाटी लावली असती, तर आमच्या घरात एकही भटका तयार झाला नसता.

माझ्या स्वतःच्या लहानपणच्या प्रवासाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मे महिन्यात आजोळ, अधूनमधून कुलदैवत, नाहीतर कुणाचं लग्न. पोचलं की प्रवास संपला. बाहेर काय आहे, हे बघायला कुणी घराबाहेर पडत नसे. लग्नानंतर नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे एलटीसी आली. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतात कुठेही जाता येई. होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन आम्ही दक्षिणेत कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो. देवळं सुंदर होती. पण मुलं कंटाळली होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

गोडी लागली ती ऐंशीच्या दशकात, आणि ती एसटीने लावली. दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर पुणे-दादर मार्गावर ‘एशियाड’ गाड्या आल्या, लोक त्यांचं कौतुक करत. आमचं प्रेम मात्र वेल्ह्याच्या लाल गाडीवर. स्वारगेटला पहाटे बसायचं, मार्गासनीला उतरायचं आणि साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत पायी जायचं. खांद्याला कॅनव्हासची हॅवरसॅक, त्यात वातीचा स्टोव्ह, रॉकेलची बाटली, तांदूळ, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. थोरला सात वर्षांचा होता, धाकटी पाच, आणि सासूबाई साठीच्या उंबरठ्यावर.

पहिल्या खेपेला सासूबाई फक्त गुंजवण्यापर्यंत येणार होत्या. खाली एका घराच्या ओसरीवर बसते, तुम्ही जाऊन या, असं त्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या घरच्या बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “आजी, इथवर आलासा आणि पद्मावतीचं दर्शन घेणार न्हाई?” सासूबाईंनी कासोटा आवळला, वहाणा पिशवीत टाकल्या आणि आमच्या पुढे चालायला लागल्या. चोरदरवाजाची वाट तेव्हा आजच्यासारखी रेलिंगची नव्हती. शेवटच्या कातळावर त्या अनवाणी, हाताने खोबण्या चाचपत चढल्या. वर दरवाजातून वाकून बाहेर पडलं की समोरच पद्मावती तलाव दिसतो. त्याच्या काठावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि नातवाला म्हणाल्या, “आता सुवेळा माचीचं ते नेढं दाखव मला.” रात्री देवळात झोपलो. सकाळी गुंजवण्याच्या बायका मडक्यातलं दही घेऊन वर आल्या. त्यांनी सासूबाईंसाठी एक मडकं वेगळं काढून ठेवलं आणि त्याचे पैसे काही घेतले नाहीत.

त्या खेपेपासून आमच्या घरात कुणाला मागे ठेवायचं, हा विषयच निघाला नाही.

मुलांना गोडी कशी लागली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. निसर्ग बघून लागली असं मला वाटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला डोंगर बघून काही वाटत नाही, त्याला भूक लागते. गोडी लागली ती त्यांच्यावर सोपवलेल्या कामांमुळे. नवऱ्याचा नियम होता की वाट विचारायची ती मुलांनीच. धाकटी इतकी बुजरी की पाहुण्यांसमोर माझ्या पदरामागे लपायची. तीच नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत गुराख्यांना, म्हाताऱ्यांना थांबवून पाणी कुठे आहे, ढोरवाट कुठली आणि गडाची कुठली, हे विचारून घ्यायची. थोरल्याकडे एसटीचं वेळापत्रक. परतीची शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर पुढचा फाटा किती लांब, याचा हिशेब त्याच्याकडे. एकदा शेवटची गाडी खरंच निघून गेली आणि आम्ही अंधारात फाट्यापर्यंत चाललो. मुलं आजही ती रात्र आठवून बोलतात. कन्याकुमारीचा विषय कुणी काढत नाही.

धाडसही असंच बेताबेताने वाढलं. आधी पर्वती, मग आतकरवाडीतून सिंहगड, मग राजगडाची पारायणं. ती पचल्यावर राजगडाहून तोरणा. संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरून डोंगराच्या धारेने दिवसभर चालायचं आणि बुधला माचीने तोरण्यावर चढायचं. त्यानंतर खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड. कोकणकड्याच्या काठाशी पालथं झोपूनच खाली बघायचं, हे सासूबाईंनी मुलांना शिकवलं आणि त्याही तशाच झोपल्या. पायाखालचा दगड हलतो की नाही हे आधी बघायचं, चार वाजता ढग दाटले की परत फिरायचं, ओढ्याचं पाणी गढूळ झालं की त्यात उतरायचं नाही, हे सगळं मुलं मोठ्यांबरोबर चालतानाच शिकली.

तेव्हा नावं ठेवणारेही होते. पोरांचे हाल करता, म्हाताऱ्या बाईला डोंगरावर नेऊन मारणार आहात, सुनेला घरात राहवत नाही, असं जवळच्याच नातेवाइकांनी तोंडावर ऐकवलं. एका शाळेने शनिवारच्या रजेसाठी नवऱ्याला बोलावून समज दिली. त्या मंडळींना आज इतकंच सांगते की सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या आणि शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालल्या.

नव्वदचं दशक मी भरभर उलटते. दहावी, बारावी, क्लासेस. क्लासवाल्यांनी दिवाळीच्या सुट्टीतही वर्ग घ्यायला सुरुवात केली, तिथेच एक मोठी गोष्ट मोडली. थोरला चौदाव्या वर्षी आमच्याबरोबर यायचा बंद झाला, सतराव्या वर्षी मित्रांना घेऊन त्याच वाटेने गेला. वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. १ जून १९९८ ला गोनीदा गेले. त्यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ आमच्या घरात हातोहात फिरून फाटली आहे. त्यांच्या घरातही हे वेड वडिलांकडून लेकीकडे आलं. ती लेक, वीणा देव, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

नंतर गाड्या आल्या, रिसॉर्ट आले. आता कुटुंब फिरतं खूप, पण वयाप्रमाणे वाटलं जाऊन. तरुण ट्रेकला, आजी-आजोबा ज्येष्ठांच्या सहलीला, मुलं उन्हाळी शिबिरात. प्रत्येक ठिकाणी वाट दाखवायला पैसे दिलेला माणूस असतो. जुलै २०२३ मध्ये पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर हजारो माणसं तासन्‌तास अडकली. ती चित्रं पाहताना मला वाटलं, यातल्या कितीजणांना ढग बघून परत फिरायला घरात कुणी शिकवलं असेल? गर्दीचं नियमन सरकारने करावंच. पण डोंगरात वागायचं कसं, हे सात वर्षांच्या मुलाला साठीच्या माणसाबरोबर चालूनच कळतं. पंचविशीत एका रविवारी ते शिकवता येत नाही.

दिवाळीत आम्ही राजगडावर गेलो. थोरलाही आला, नात आली, मी आले. माझ्या गुडघ्यांसाठी पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्या धरल्या. वाट नातीने विचारली.

यंदाच्या सुट्टीत तुम्हीही घरातल्या सगळ्यांना घेऊन निघा, आणि शक्य तिथवर एसटीने जा. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचं तिकीट पडत नाही, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं तर आधीपासूनच होतं. एवढ्या स्वस्तात आजी, आई आणि नात एका बाकावर बसून पूर्वी कधीच जाऊ शकल्या नव्हत्या.