लॅपटॉप दुबईत, सातबारा मंगरूळपीरला

'काम ऑनलाइनच आहे, मग दुबईत बसून करू,' असं आपल्या मंगरूळपीरची पोरं आता सहज बोलतात. व्हिसाचं गणित त्यामानानं सोपं आहे. कंपनी अमिरातीबाहेरची, महिन्याला किमान ३,५०० डॉलर कमाईचा पुरावा आणि आरोग्य विमा असला की वर्षभराच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो.

खरी गोची शेताची, आणि ती एजंट सांगत नाहीत. फेमा कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशानं आलेली ठेवता येते. त्यामुळे धुऱ्याला लागून असलेले दोन एकर डोळ्यात भरले असतील, तर खरेदीखत जाण्याआधीच उरका! आयकराच्या हिशेबानं अनिवासी झालात की पीएम किसानचा हप्ताही बंद. साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. सोयाबीन-तुरीचे पैसे मग त्यातच जमा होतील.

शेताचं मुखत्यारपत्र भावाच्या नावे इथूनच नोंदवून जा. तिकडून करायचं म्हटलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, शिवाय कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क. बायकोला नेणार असाल, तर विवाह प्रमाणपत्रावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे तीन शिक्के लागतात. त्यासाठी हाताशी दोन महिने ठेवा.

आणि हो, कंपनीची परवानगी लेखी घ्या. मॅनेजरचा व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालत नाही.