सशुल्क क्रिकेट आणि दुरावलेला प्रेक्षक
इंग्लंडमध्ये २००५ची अ‍ॅशेस मालिका चॅनल फोरवर विनाशुल्क दिसली आणि लाखो घरांत रंगली. २००६पासून मायदेशातील कसोटींचे थेट प्रक्षेपण सशुल्क स्काय वाहिनीकडे गेले. क्रिकेट मंडळाचा महसूल वाढला, स्थानिक क्रिकेटलाही पैसा मिळाला. पण दरमहा वर्गणी न परवडणारे अनेक चाहते रेडिओ आणि क्षणचित्रांवर समाधान मानू लागले. घरबसल्या सहज सामना पाहून मुलांना लागणारी खेळाची गोडी कमी झाली, हे सर्वांत मोठे नुकसान. २०१९च्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्कायने चॅनल फोरलाही दाखवू दिला, तेव्हा प्रेक्षकसंख्या ८० लाखांवर गेली. २०२०मध्ये बीबीसीवरही काही सामने थेट दिसू लागले. प्रक्षेपणाचे हक्क विकताना महसुलाइतकाच प्रेक्षकवर्गही जपणे म्हणूनच गरजेचे ठरते.