‘दिवस गेले’ : गर्भावस्थेच्या आरंभकाळाची भाषा आणि गणना

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. प्राचीन परिभाषा आणि अर्वाचीन वैद्यक यांचा जो सांधा त्या प्रबंधाने जुळवू पाहिला, तो गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांपुरता आजही पुरता जुळलेला नाही. तो कोठे निखळतो हे भाषेच्या अंगाने पाहणे उद्‌बोधक ठरेल.

या काळासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘पाळी चुकली’, ‘दिवस वर गेले’, ‘तिला दिवस गेले’ हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांपैकी एकातही गर्भाचा नामनिर्देश नाही. निर्देश आहे तो केवळ कालाचा. ‘पोटुशी’ व ‘दोन जिवांची’ हे शब्द मागाहून येतात. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरली जाणारी ‘चोरओटी’ तर आपल्या नावातच या काळाचे मौन सांगते. उघड समारंभाचे ‘डोहाळेजेवण’ बहुधा सातव्या महिन्यात होते.

‘डोहाळा’ या शब्दाचा इतिहासही लक्षणीय आहे. संस्कृत ‘दोहद’ शब्दातील अंत्य दकाराचा प्राकृतात लकार होतो, हे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त नोंदविले आहे, त्या लकाराचा मराठीत ळकार झाला आणि आद्य दकार मूर्धन्य बनला. मूळ ‘दौहृद’ शब्दाची फोड काही अभ्यासक ‘द्वि’ व ‘हृद्’ अशी, तर काही ‘दुर्’ व ‘हृद्’ अशी करतात. पहिलीप्रमाणे अर्थ दोन हृदये, दुसरीप्रमाणे हृदयाची अस्वस्थता. सुश्रुताने गर्भिणीला द्विहृदया मानले आहे. ‘दोन जिवांची’ हा मराठी प्रयोग त्याच कल्पनेशी जुळतो. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येतो. माती खाण्याच्या या इच्छेचा संबंध आधुनिक वैद्यक पुष्कळदा रक्तातील लोहाच्या उणिवेशी जोडते. अर्थात प्रत्येक डोहाळा पुरवावा असा नसतो; काही डोहाळे तपासावे लागतात.

परंतु खरी अडचण गणनेत आहे. वैद्यक गर्भावस्थेची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करते व एकूण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, धरते. घरगुती मोजणी मात्र अनेकदा चुकलेल्या पाळीपासून सुरू होते. पाळीचे चक्र 28 दिवसांचे आणि शेवटची पाळी 1 जूनची मानली, तर गर्भधारणा 15 जूनच्या सुमारास होते आणि पाळी चुकल्याचे 29 जूनला कळते. त्या दिवशी वैद्यकाच्या हिशेबाने चार आठवडे पूर्ण झालेले असतात. घराच्या हिशेबाने पहिलाच दिवस असतो.

हा फरक केवळ शाब्दिक नाही. गर्भाच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे मूळ असणारी नलिका गर्भधारणेपासून सुमारे 28 दिवसांत, म्हणजे या उदाहरणात 13 जुलैपर्यंत, मिटते. त्या वेळी घरात ‘पंधरा दिवस वर गेले’ एवढेच बोलले जात असते. ही नलिका नीट मिटावी म्हणून आवश्यक असलेले फॉलिक आम्ल, दररोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेपूर्वीपासून घेणे इष्ट आहे ते याचसाठी. मळमळ व उलट्या सामान्यतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या महिन्यात ओसरतात. म्हणजे ज्या लक्षणांवरून घर गर्भ ओळखते, ती दिसू लागेपर्यंत हे महत्त्वाचे कार्य उरकत आलेले असते. मूत्रपरीक्षेने मात्र पाळी चुकताच निदान होऊ शकते.

गर्भवतीची नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हावी, असा शासकीय आरोग्यसेवेचा आग्रह आहे. वरील उदाहरणात ही मुदत 24 ऑगस्टला संपते. ‘तीन महिने भरल्यावर सांगू’ असे ठरवून 29 जूनपासून मोजणारे घर 29 सप्टेंबरला बोलते. तेव्हा सतरावा आठवडा उलटलेला असतो. ‘तिसरा लागला’ आणि ‘तीन झाले’ या दोन प्रयोगांतील महिन्याभराचे अंतर लक्षात न घेतल्यास घोटाळा अधिकच वाढतो.

मौनामागील भीती निराधार नाही. ज्ञात गर्भांपैकी बरेच पहिल्या 12 आठवड्यांतच गळतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे असते. स्त्रीचे चालणेबोलणे किंवा कोणाची दृष्ट हे नव्हे. तथापि रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना किंवा भोवळ ही लक्षणे दिसताच वैद्यकीय साहाय्य घेणे अगत्याचे असते. कारण गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असल्यास मातेच्या जिवाला धोका असतो. तेथे मौन परवडत नाही.

सारांश, चोरओटी चोरून भरली जावी. त्यास हरकत नसावी. पण तपासणाऱ्याने ‘कितवा महिना?’ असे विचारण्याऐवजी ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ असे विचारावे, आणि घरानेही तीच तारीख लिहून ठेवावी. या एका वाक्याच्या फरकाने दोन गणनांमधील चार आठवडे हाती लागतात.