सुटा भाग ‘बंद’ झाला म्हणजे गाडी संपली का?

जुनी मालवाहू पिकअप गाडी सहसा इंजिनामुळे भंगारात जात नाही. इंजिनाचे काम करणारे कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतात. बोअर करून मिळते, पिस्टन-रिंग मिळतात, डिझेल पंपाची दुरुस्ती होते. गाडी अडते ती बहुधा सस्पेन्शनपाशी. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट, आर्मचे रबरी बुश, मागचा पाटा किंवा शॅकलची पिन यांपैकी एखादी वस्तू झिजते आणि दुकानदार सांगतो, ‘हा माल आता येत नाही.’ कंपनीच्या भाषेत तो भाग ‘बंद’ झालेला असतो.

भाजी, दूध, विटा किंवा मंडपाचे सामान वाहून घर चालवणाऱ्या छोट्या वाहनमालकाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनाला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. सस्पेन्शन ढिले असेल तर ते मिळणे कठीण, आणि त्याविना गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नवी गाडी घ्यायची तर कर्जाचा हप्ता मागे लागतो. अशा वेळी कसाबसा बसणारा भाग लावून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. मात्र याच ठिकाणी झालेली तडजोड जिवावर बेतू शकते. त्यामुळे बंद झालेला भाग शोधायचा कसा आणि कोणता भाग बनवून घेणे सुरक्षित आहे, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते.

टेल्कोच्या पिकअपचे उदाहरण

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘टाटामोबाइल’. आजच्या टाटा मोटर्सचे नाव २००३ पर्यंत ‘टेल्को’ होते. या कंपनीने १९८६ मध्ये ‘४०७’ हा हलका ट्रक बाजारात आणला आणि १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप आणली. तिच्याच सांगाड्यावर पुढे १९९१ मध्ये ‘सिएरा’ आणि १९९२ मध्ये ‘इस्टेट’ या प्रवासी मोटारी उभ्या राहिल्या. युरोपातील काही देशांत ही पिकअप ‘टेल्कोलाइन’ या नावानेही विकली गेली.

या गाडीच्या मागच्या बाजूला पोलादी पाटे आहेत. पुढच्या दोन्ही चाकांना मात्र स्वतंत्र सस्पेन्शन असून त्यात वरचा व खालचा आर्म आणि स्प्रिंगच्या जागी ‘टॉर्शन बार’ आहे. टॉर्शन बार म्हणजे पोलादाची लांब गोल कांब. चाक वर उचलले गेले की ही कांब पिळली जाते आणि पीळ सुटताना चाक पुन्हा खाली येते. मागची रचना जुन्या घोडागाडीच्या कमानीशी नाते सांगणारी आहे, तर पुढची रचना कारखान्यातील अचूक मापांवर अवलंबून आहे. म्हणूनच मागचे काम बहुतेक ठिकाणी निभावते आणि शोधाशोध करावी लागते ती पुढच्या भागांसाठी.

‘बंद’ म्हणजे नेमके काय?

मोटार कंपनी सस्पेन्शनचे बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. पाटे, शॉक अब्सॉर्बर, बॉल जॉइंट, रबरी बुश हे सारे पुरवठादार कारखान्यांतून येते. गाडीचे उत्पादन थांबल्यावर काही वर्षे सुट्या भागांचा पुरवठा चालू राहतो. पुढे मागणी इतकी घटते की साचा यंत्रावर चढवणेही परवडत नाही. मग कंपनी तो क्रमांक यादीतून काढून टाकते.

परंतु क्रमांक बंद होणे आणि वस्तू नाहीशी होणे यांत अंतर आहे. अनेकदा जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक दिलेला असतो आणि भाग तोच किंवा थोडा सुधारलेला असतो. काउंटरवरच्या संगणकात जुना क्रमांक टाकल्यास ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. ‘याच्या जागी कोणता क्रमांक आला?’ असे विचारल्यास कधी कधी माल निघतो. दुसरी शक्यता अशी, की मूळ पुरवठादार तोच भाग स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात विकत राहतो. शॉक अब्सॉर्बरमध्ये गॅब्रिएल, पाट्यांमध्ये जमना ऑटो, स्टिअरिंग व सस्पेन्शनच्या जॉइंटमध्ये राणे ही भारतीय बाजारातील परिचित नावे. त्यांच्या सूचीत गाडीच्या नावाने आणि मापानेही शोध घ्यावा.

नात्यातल्या गाड्या ओळखा

कंपन्या एकच भाग अनेक गाड्यांना वापरतात. त्यामुळे टाटामोबाइलचा भाग मागताना सिएरा आणि इस्टेटचेही नाव घ्यावे. पिकअपच्या नावाने न मिळालेला बुश मोटारीच्या नावाच्या खोक्यात निघू शकतो. टाटामोबाइलला भावंडे आहेत हे अनेक तरुण विक्रेत्यांना ठाऊक नसते. साठीतल्या दुकानदाराला ते तोंडपाठ असते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सिएरा’ हे नाव टाटांनी एका पूर्णपणे नव्या मोटारीला दिले. तिचा जुन्या सिएराच्या सस्पेन्शनशी काहीही संबंध नाही. त्यामुळे दूरध्वनीवर माल मागवताना गाडीचे उत्पादन वर्ष आवर्जून सांगावे. तसेच सांगाडा एक असला तरी पाट्यांची ताकद एक नसते. मोटारीचा पाटा माणसांच्या वजनासाठी आखलेला असतो, पिकअपचा मालाच्या वजनासाठी. बुश जुळला म्हणून पाटाही जुळेल असे मानू नये.

नावापेक्षा माप अधिक विश्वासार्ह असते. बुशसाठी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी ही तीन मापे व्हर्निअरने घ्यावीत. शॉक अब्सॉर्बरसाठी पूर्ण उघडल्यावरची व पूर्ण दबल्यावरची लांबी आणि दोन्ही टोकांची बांधणी पाहावी. लांबी चुकली तर खड्ड्यात तो आतल्या आत आपटतो किंवा ताणून तुटतो. पाट्यासाठी रुंदी, प्रत्येक पानाची जाडी, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचे अंतर आणि मधल्या बोल्टपासून दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र अंतरे टिपावीत. ही दोन अंतरे अनेक गाड्यांत असमान असतात. बॉल जॉइंटमध्ये पिनचा निमुळतेपणा निर्णायक ठरतो. आटे जुळले आणि निमुळता भाग जुळला नाही, तर नट घट्ट आवळूनही पिन आत हलत राहते आणि एक दिवस तुटते.

या सगळ्याहून सोपा नियम म्हणजे काढलेला जुना भाग दुकानात घेऊन जाणे. तो भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.

बाजार कुठे आहेत?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे आहेत. वापरलेल्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याकडे आणि चोर बाजाराकडे पावले वळतात. देशपातळीवर दिल्लीचे काश्मिरी गेट नव्या मालासाठी, तर मायापुरी वापरलेल्या मालासाठी ओळखले जाते. चेन्नईचे पुदुपेट, बंगळुरूच्या शिवाजीनगरातील गुजरी आणि कोलकात्याचा मलिक बाजार ही त्याच जातीची ठिकाणे. शहरातील गर्दीच्या दुकानांबरोबरच लहान गावांतील जुन्या विक्रेत्यांकडेही चौकशी करावी. ज्या गावी एकेकाळी या गाड्या भरपूर होत्या, तिथल्या माळ्यावर न विकला गेलेला माल पडून असण्याची शक्यता असते.

वापरलेला भाग घेताना पावतीचा आग्रह धरावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘पावती नाही म्हणून स्वस्त’ हा व्यवहार पुढे महागात पडू शकतो.

खोक्यातला जुना माल नवा असतो का?

वीस-पंचवीस वर्षे सीलबंद खोक्यात राहिलेला मूळ कंपनीचा भाग सापडला, की मालकाला घबाड मिळाल्यासारखे वाटते. धातूच्या भागाबाबत हा आनंद बराचसा रास्त आहे. गंज नसेल तर पिन, शॅकल किंवा टॉर्शन बार वापरण्याजोगा असतो. रबराचे मात्र तसे नाही. ते वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतील ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता यांमुळे ते कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. नखाने दाबल्यावर जे दबत नाही, वाकवल्यावर ज्यावर जाळी दिसते, ते रबर खोक्यावरील नावाकडे पाहून घेऊ नये. जुन्या शॉक अब्सॉर्बरचे सीलही असेच सुकते. बसवल्यावर थोड्याच दिवसांत तेल गळू लागते. बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटलेले असेल तर आतले ग्रीस वाळलेले असणार, हे गृहीत धरावे.

काय बनवून घ्यावे, काय नाही

जुळणारा भाग मिळालाच नाही, तर तो बनवून घेण्याचा मार्ग उरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरपासून पुण्याच्या भोसरीपर्यंत लेथवर पिन, बुशची पोलादी नळी, शॅकल अशा वस्तू करून देणारी वर्कशॉप आहेत. पिनसाठी साधे लोखंड न वापरता योग्य पोलाद वापरले आहे ना आणि तिचा पृष्ठभाग कठीण केला आहे ना, एवढे विचारून घ्यावे. रबरी बुश साच्यातून करून घेता येतात. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकाऊ असतात. मात्र ते कडक असल्याने गाडीला दणके व आवाज वाढतो.

पाट्याचे काम पाटेवाल्याकडे होऊ शकते. तथापि पाटा केवळ वाकवून चालत नाही. लोहार कोयत्याला जसे पाणी देतो, तसाच संस्कार पाट्याच्या पोलादालाही लागतो. ते लालबुंद तापवून तेलात थंड करतात आणि मग पुन्हा कमी तापमानावर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. गॅसच्या ज्वाळेवर एका जागी तापवून वाकवलेला पाटा त्याच जागी बसतो किंवा तुटतो. पॅराबोलिक पाटा मध्यभागी जाड व टोकाकडे पातळ होत जातो. तसा आकार देणारी यंत्रे साध्या वर्कशॉपमध्ये नसतात. त्यामुळे तो तयार मिळाला तरच घ्यावा. पाटे नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला तर गाडी एका अंगाला झुकते.

दोन भाग मात्र बनवून घेऊ नयेत, जोडूनही घेऊ नयेत. पहिला बॉल जॉइंट. वॉशर टाकून किंवा वेल्डिंग करून ‘टाइट’ केलेला जॉइंट काही दिवस आवाज करत नाही, एवढेच. तो निसटला तर पुढचे चाक आत दुमडते आणि स्टिअरिंगचा उपयोग उरत नाही. दुसरा टॉर्शन बार. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या पोलादाचा पीळ सोसण्याचा गुण जातो. त्यावरचा खोल ओरखडासुद्धा तड्याची सुरुवात ठरू शकतो. वापरलेला बार घेताना डावा-उजवा ही खूण पाहावी. कारखान्यात त्याला एकाच दिशेने पीळ देऊन तयार केलेले असते, त्यामुळे बाजू बदलून बसवणे धोक्याचे असते. जुना बार काढण्यापूर्वी दातांच्या जागेवर रंगाची खूण करावी, म्हणजे गाडीची उंची पुन्हा जुळवणे सोपे जाते.

कायदा काय म्हणतो?

सुट्या भागांचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना सहज मिळू न देणे हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. पुढे त्यावर अपिले झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे. अर्थात, संकेतस्थळावर कंपनीचे नाव असल्याने वितळवलेला साचा परत येत नाही.

दुसऱ्या बाजूने मालकावरही बंधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. त्याच मापाचा व क्षमतेचा दुसऱ्या कंपनीचा भाग बसवणे ही दुरुस्ती झाली. पुढचे सस्पेन्शन काढून दुसऱ्या गाडीचा अॅक्सल जोडणे हा रचनेतील बदल ठरतो. जादा माल भरता यावा म्हणून पाट्यात दोन पाने वाढवल्याने गाडीची परवानगीची भारक्षमता वाढत नाही, शिवाय ब्रेक आणि चासीवरचा ताण वाढतो.

आधी यादी, मग प्रवास

जुनी पिकअप राखू इच्छिणाऱ्याने भाग तुटण्याची वाट पाहू नये. गाडी सुस्थितीत असतानाच सस्पेन्शनच्या सर्व भागांची मापे, क्रमांक आणि ते आणखी कोणत्या गाड्यांना बसतात याची वही करावी. बॉल जॉइंटची जोडी मिळेल तेव्हा घेऊन ठेवावी. बुश मात्र गरजेपुरतेच घ्यावेत, कारण कपाटातही त्यांचे वय वाढते. एकाच मॉडेलचे चार-पाच मालक एकत्र आले, तर बुशच्या साच्याचा खर्च वाटून घेता येतो.

एवढे करूनही योग्य बॉल जॉइंट किंवा टॉर्शन बार मिळाला नाही, तर गाडी उभी ठेवणे हेच शहाणपणाचे. एका दिवसाचे भाडे बुडाले तर दुसऱ्या दिवशी भरून निघते. भरल्या मालानिशी घाटात चाक दुमडले, तर होणारे नुकसान कोणत्याही सुट्या भागाने भरून येणारे नाही.